रिपोर्टमध्ये ई. कोलाय आला म्हणजे सगळं कळलं असं नाही

थंडी पडायला लागली की मला वराहपालन करणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि बहुतेक फोन एकाच गोष्टीसाठी असतात, पिल्लांना हगवण लागलीय, मॅडम काय देऊ. मी नाशिकला जनावरांची प्रॅक्टिस करते, गाई, म्हशी, शेळ्या जास्त, पण निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी या पट्ट्यात थोडेफार डुकरांचे फार्म आहेत आणि तिकडे जायला सहसा कुणी पटकन तयार होत नाही, त्यामुळे ते काम हळूहळू माझ्याकडे येत गेलं आणि मला ते मनापासून आवडतं. आजचं लिखाण या फोनवाल्यांसाठी आहे, आणि नव्यानं प्रॅक्टिसला लागलेल्या ज्युनियर मुलामुलींसाठी पण.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरीकडच्या एका तरुणाचा फोन आला. पोरगा व्यवस्थित आहे, कुठली मादी कधी व्यायली, किती पिल्लं झाली, किती जगली, सगळं वहीत लिहून ठेवतो. त्यानं माझी वाट न बघता स्वतःच हगवणीचं सॅम्पल एका लॅबला पाठवलं होतं. म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट आलाय, ई. कोलाय निघालाय, खाली कुठलं अँटिबायोटिक चालेल ते पण लिहिलंय, तेच इंजेक्शन सलग दिलं तरी पिल्लं हगतायतच, मग रिपोर्ट चुकीचा आहे का?" मी म्हटलं, भाऊ, रिपोर्ट बरोबर आहे पण अर्धा आहे.

अर्धा का, तर लॅबनं त्या सॅम्पलचं कल्चर केलं होतं, म्हणजे सॅम्पल प्लेटवर लावून त्यात काय वाढतं ते बघितलं होतं. प्लेटवर बॅक्टेरिया वाढतात, व्हायरस वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणजे व्हायरस असला तरी त्या टेस्टमध्ये तो दिसणारच नव्हता. आणि दुसरी गोष्ट, ई. कोलाय हा बॅक्टेरिया तर प्रत्येक धडधाकट डुकराच्या आतड्यात पण असतो, तुमच्या माझ्या आतड्यात पण असतो, त्यामुळे नुसता "ई. कोलाय सापडला" या वाक्यानं फारसं काही कळत नाही. तो कुठला ई. कोलाय, त्याच्या अंगावर आतड्याला चिकटायचे धागे आहेत का (डुकरांत एफ ४, एफ ५, एफ १८ वगैरे प्रकार असतात), तो टॉक्सिन, म्हणजे विष, बनवतो का, हे पाहिलं तर खरं. तसा चिकटून टॉक्सिन सोडणारा ई. कोलाय म्हणजे ईटेक, आणि पिल्लांच्या हगवणीतला तो जुना, खात्रीचा गुन्हेगार आहे हे मान्यच. पण तो बऱ्याचदा एकटा नसतो.

आता आतड्यात नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच सगळी गोम आहे.

पिल्लाच्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात, व्हिलाय म्हणतात त्यांना. दूध पचवून शोषून घ्यायचं काम या बोटांच्या टोकाकडच्या प्रौढ पेशी करतात, आणि बोटांच्या बुडाशी जे खोलगट खड्डे असतात, क्रिप्ट, तिथं नव्या पेशी तयार होऊन हळूहळू वर सरकत असतात. बुडाकडच्या पेशी पाणी आणि क्षार आतड्यात सोडतात, टोकाकडच्या ते परत ओढून घेतात, आणि या दोघांचा हिशोब जुळला की पिल्लू घट्ट हगतं. तर रोटा व्हायरस असो की टीजीई, पीईडी हे डुकरांचे कोरोना व्हायरस असोत, यांचा हल्ला मुख्यतः टोकाकडच्या पेशींवर होतो. पेशी मरून गळतात आणि बोटं आखूड होत जातात. निरोगी पिल्लात बोटाची उंची खालच्या खड्ड्याच्या साधारण सातपट असते, टीजीईमध्ये ती खड्ड्याइतकीच उरते, म्हणजे सातास एकवरून एकास एक. मग दूध पचायचं कुठं आणि शोषायचं कुठं? दुधातली साखर, लॅक्टोज, तशीच पुढे जाते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. त्यात रोटा व्हायरसचं एनएसपी ४ नावाचं प्रोटीन स्वतःच टॉक्सिनसारखं वागतं, हे १९९६ साली समजलं, तोपर्यंत टॉक्सिन सोडणं हे बॅक्टेरियाचंच काम असं सगळे धरून चालायचे.

ईटेकचं काम करायची पद्धत एकदम वेगळी. तो पेशी फारशा मारत नाही, बोटं जवळपास शाबूत राहतात. तो धाग्यांनी पेशीला चिकटतो आणि टॉक्सिन सोडतो. त्यातलं एलटी टॉक्सिन कॉलऱ्याच्या टॉक्सिनच्या अगदी जवळचं आहे, ते पेशीच्या आतलं सीएएमपी नावाचं निरोप्या रसायन वाढवतं, एसटीए नावाचं दुसरं टॉक्सिन सीजीएमपी नावाचं तसलंच रसायन वाढवतं, आणि दोन्हींचा परिणाम असा की पेशी क्लोराइड बाहेर फेकत राहते आणि त्यामागून पाणी. म्हणजे व्हायरसच्या हगवणीत आतड्यातून अंगात येणारं पाणी थांबतं आणि ईटेकच्या हगवणीत अंगातून आतड्यात जाणारं पाणी वाढतं. आता हे दोन्ही एकाच आतड्यात एकाच वेळी चालू झालं तर काय होईल विचार करा, जेमतेम दीड किलोचं पिल्लू, आत घेणं बंद आणि बाहेर सोडणं दुप्पट. सकाळी जरा सुस्त दिसलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेलेलं, कातडी सुरकुतलेली, थंडगार पडलेलं असतं, ते यामुळे. मालक म्हणतो, मॅडम सकाळी तर पीत होतं. खरं असतं ते.

निफाडच्या एका द्राक्षवाल्यांकडे बागेच्या कडेला छोटं युनिट आहे, त्या काकांना मी हे समजावत होते तर तेच म्हणाले, "म्हणजे गारपिटीसारखंच की, गारेनं मणी फुटतो, आणि फुटलेल्या मण्यात मग कूज शिरते, नंतर औषध मारलं तर कूज थांबेल पण फुटलेला मणी काय जुळत नाही." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं, तेव्हापासून मी सगळीकडे हेच सांगते.

पण व्हायरसनं नुसती जखम केली आणि बॅक्टेरिया शिरले, एवढ्यावर विषय संपत नाही, अजून दोन-तीन गोष्टी चालू असतात. एक म्हणजे ते न पचलेलं दूध. ते खालच्या आतड्यात गेलं की तिथल्या बॅक्टेरियाला फुकटचं जेवण मिळतं, त्यांची संख्या भराभर वाढते आणि कालपर्यंत गुपचूप राहणारा ईटेक अचानक बहुमतात येतो. दुसरं म्हणजे चिकटणं सोपं होतं. डुकराच्या आतड्याच्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांना आधी पीईडी व्हायरस लावला आणि मग ईटेक सोडला, तर व्हायरस लागलेल्या पेशींवर ईटेक जास्त चिकटला असं संशोधनात दिसलंय, कारण व्हायरसमुळे पेशीच्या बाहेरच्या अंगाची ठेवणच बदलते. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे भरून यायला लागणारा वेळ. नुकत्या जन्मलेल्या पिल्लात बोटांवरच्या पेशी पूर्ण बदलायला ७ ते १० दिवस लागतात, तीन आठवड्यांच्या पिल्लात तेच काम २ ते ४ दिवसांत होतं. म्हणून एकच व्हायरस मोठ्या पिल्लाला चार दिवस ढाळ लावून सोडून देतो आणि पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांची अख्खी वेत घेऊन जातो. अमेरिकेत २०१३ च्या वसंतात पीईडी पहिल्यांदा शिरला तेव्हा वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं गेली असं मानतात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा या अगदी लहान पिल्लांचा होता.

पोस्टमॉर्टेमला हे डोळ्यांनी बघता येतं, आणि ज्युनियर लोकांनी हे शिकाच, याला मशीन लागत नाही. त्या दिंडोरीच्या फार्मवर मी गेले तेव्हा दोन पिल्लं नुकतीच मेलेली होती. बांधावर गोणपाट टाकून एक उघडलं. पोटात दुधाची गुठळी होती, म्हणजे पिल्लू शेवटपर्यंत पीत होतं. लहान आतडं पिवळट पाण्यानं फुगलेलं आणि भिंत इतकी पातळ की उन्हाकडे धरल्यावर पलीकडचं बोट दिसत होतं. मग मी आतड्याला धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो तो पसरून दाखवला. दूध प्यायलेल्या पिल्लाच्या त्या पडद्यात पांढऱ्या दुधाळ रेघा दिसायला हव्यात, शोषलेली चरबी तिथून वाहत असते. नुसता ईटेक असेल तर हगवण असूनसुद्धा त्या रेघा पांढऱ्या दिसतात, कारण बोटं शाबूत असतात, चरबी शोषली जात असते. या पिल्लात पडदा कोरा होता, एकही पांढरी रेघ नाही. पोटात दूध आहे आणि रेघा नाहीत, म्हणजे मधली बोटं गेलीत. पोरगा वाकून बघत होता, त्यानं स्वतःच विचारलं, "मग हे ई. कोलायनं झालं नाही?" ई. कोलाय होताच, रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्याच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं.

आणखी एक साधी युक्ती, लिटमस कागद. व्हायरसच्या हगवणीत न पचलेली साखर आंबते म्हणून ताजी हगवण आम्लधर्मी निघते, ईटेकच्या हगवणीत पेशींनी सोडलेलं पाणी क्षारयुक्त असतं म्हणून अल्कधर्मी निघते. जमिनीवरची घेऊ नका, त्यात मूत मिसळलेलं असतं, पिल्लाच्या मागून थेट कागदाला लावा. दोघंही असतील तर हा कागद गोंधळतो हे खरंय, पण एकाच फार्मवर चार पिल्लं अशी आणि चार तशी निघाली तर तीसुद्धा एक माहितीच आहे.

आता थोडं इतिहासाकडे जाते, कारण "व्हायरस की बॅक्टेरिया" या भांडणात डुकरांनी अख्ख्या विज्ञानाला एकदा चकवलंय आणि मला ती गोष्ट फार आवडते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हॉग कॉलरा नावाच्या रोगानं डुकरं हजारांनी मरत होती. १८८४ मध्ये तिथल्या सरकारनं पशुरोगांसाठी खास ब्यूरो काढला, डॅनियल एल्मर साल्मन त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा अफाट हुशार माणूस होता, त्यानं १८८५ मध्ये मेलेल्या डुकरांच्या आतड्यांतून एक बॅक्टेरिया वेगळा काढला आणि हाच हॉग कॉलऱ्याचं कारण असं जाहीर झालं. पुढे त्या बॅक्टेरियाच्या कुळालाच साल्मन यांच्या नावावरून साल्मोनेला म्हणायला लागले. जवळपास १८ वर्षं सगळे तेच मानत होते. मग १९०३ मध्ये त्याच ब्यूरोतल्या श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी आजारी डुकराचं रक्त बॅक्टेरिया अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलं, आणि त्या गाळलेल्या, बॅक्टेरिया नसलेल्या द्रवानं सुद्धा डुकरं आजारी पडली. खरा रोग व्हायरसचा होता. त्यालाच आज आपण क्लासिकल स्वाइन फीव्हर म्हणतो.

आता कुणी म्हणेल स्मिथ चुकला. मला तसं नाही वाटत, त्यानं जे पाहिलं ते खरंच तिथं होतं. हा व्हायरस डुकराच्या पांढऱ्या पेशी कमी करतो, प्रतिकारशक्ती पार बसवतो, आणि मग आतड्यात आधीच दबून असलेला साल्मोनेला उसळी मारतो. मोठ्या आतड्यात गोल बटणासारखे व्रण दिसतात, कल्चर केलं की साल्मोनेला भरभरून वाढतो. मेलेल्या डुकरात बॅक्टेरिया ढिगानं सापडतो आणि त्याला वाट करून देणारा दिसत नाही. दिंडोरीच्या रिपोर्टची आणि १८८५ च्या रिपोर्टची गोष्ट एकच आहे. आणि आपल्याकडे हा विषय जुना झालेला नाही, अमेरिकेनं हा रोग १९७८ मध्ये संपवला पण भारतात तो आजही आहे. म्हणून माझा नियमच आहे, मोठ्या डुकरांत ताप, हगवण, कानाच्या आणि पोटाच्या कातडीवर जांभळट डाग, आणि वर साल्मोनेलाचा रिपोर्ट असं आलं की आधी विचारायचं, स्वाइन फीव्हरची लस दिली होती का, कधी दिली होती, आणि ती थर्मासमध्ये शेवटपर्यंत थंड राहिली होती ना. इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या सरकारी पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं सेल कल्चरवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर, बनवलेली नवी लस २०२० मध्ये आणली, त्याआधी सशावर वाढवलेल्या जुन्या लशीवरच सगळी भिस्त होती आणि ती कधीच पुरेशी मिळायची नाही. २०२० मध्येच आसाम आणि अरुणाचलमधून आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात आला, तो वेगळाच व्हायरस आहे, पण बाहेरून दिसायला दोन्ही इतके सारखे की लॅबशिवाय सांगता येत नाही. असा संशय आला तर सरकारी दवाखान्याला लगेच कळवा, लपवू नका, आणि जनावर विकायला बाहेर काढू नका.

हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांसाठी इथंच सांगून टाकते. नाशिकच्या आसपासचे बरेच फार्म खरकट्यावर चालतात, स्वस्त पडतं, मला त्यावर टीका करायची नाही. पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतील तर हे दोन्ही व्हायरस त्यातून येऊ शकतात. चांगलं खळखळून, ढवळत, निदान अर्धा तास उकळा आणि मगच घाला. फळीवर ओतून उन्हात ठेवलं म्हणजे झालं असं नाही.

परत पिल्लांकडे येते. एक गंमतीदार गुंतागुंत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मादीच्या चिकात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन हा स्वादुपिंडातून येणारा प्रोटीन फोडणारा रस, त्याला अडवायचं कारण असं की चिकातली अँटिबॉडी पिल्लाच्या आतड्यात फुटून न जाता अख्खी रक्तात जावी. डुकराच्या नाळेतून पिल्लाला अँटिबॉडी मिळतच नाहीत, जे काय मिळणार ते चिकातून, आणि तेही पहिल्या २४ ते ३६ तासांत, मग आतडं ते दार बंद करतं. तर ही इतकी सुंदर व्यवस्था, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स टाइप सी नावाचा बॅक्टेरिया हिचाच फायदा घेतो, कारण त्याचं बीटा टॉक्सिन ट्रिप्सिननं नष्ट होतं, आणि इथं तर ट्रिप्सिनच अडवलेलं. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत रक्ती हगवणीनं पिल्लं जातात ती यानं. उलट रोटा व्हायरसला ट्रिप्सिन हवंच असतं, त्याच्या अंगावरचं एक प्रोटीन ट्रिप्सिननं कापलं गेलं की मगच तो पेशीत नीट शिरतो. एकच रस, एकाला मारक आणि दुसऱ्याला तारक. पिल्लाच्या वयाप्रमाणे आजार बदलतात त्यामागे अशा बऱ्याच गोष्टी आहेत.

दूध तोडल्यानंतरचे दिवस हा दुसरा घोळाचा काळ. आईच्या दुधातल्या अँटिबॉडी रोज आतड्यातून फिरत असतात, रोटा व्हायरसला आणि ईटेकला दोघांना अडवून धरतात. दूध तोडलं की हे संरक्षण एका दिवसात बंद. त्यात नवी जागा, नवी भांडणं, कोरडं फीड, पहिले दोन दिवस पिल्लू धड खात नाही, त्यानंच आतड्याची बोटं थोडी आखूड होतात, मग एकदम भूक लागते आणि खूप खातं. शिवाय ई. कोलायचा एफ १८ प्रकार ज्याला चिकटतो ते रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या चिकटायच्या जागा, पिल्लू मोठं होताना वाढतात, म्हणून तो पहिल्या आठवड्यात फारसा दिसत नाही आणि दूध तोडल्यावर बरोबर दिसतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या लेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दूध तोडलेल्या पिल्लांच्या हगवणीत रोटा व्हायरस आणि ई. कोलाय हे जोडीनं काम करतात असं मांडलं होतं. म्हणजे हे ज्ञान जुनं आहे, आपल्या शेडपर्यंत पोचायला उशीर होतोय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण त्या उशिराची किंमत जनावरं आणि त्यांचे मालक मोजतात.

मग अँटिबायोटिक द्यायचं की नाही? ईटेक आहे, पिल्लू ढासळतंय, तर द्यायचं, डॉक्टरला विचारून, टेस्टप्रमाणे, पूर्ण डोस. पण ते व्हायरसला काही करत नाही आणि गळून गेलेली बोटं परत उगवून देत नाही, तो वेळ पिल्लाला जगवून काढायचा असतो. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली कुठलीही पुडी फीडमध्ये मिसळायची सवय सोडा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर भारतात २०१९ पासून जनावरांसाठी बंदच आहे, आणि का बंद केलं ते पण समजून घ्या. चीनमध्ये एका डुकराच्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा एमसीआर १ नावाचा जीन सापडला, तो एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात सहज उडी मारतो, हे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये छापून आलं आणि जगभरचे डॉक्टर हादरले, कारण माणसाच्या आयसीयूमधलं ते शेवटच्या औषधांपैकी एक. दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण थांबवायला फीडमध्ये देतात ते झिंक ऑक्साइडचे मोठे डोसही युरोपनं जून २०२२ पासून बंद केले.

ओआरएसवर मात्र मी खूप भर देते. कॉलऱ्यासारख्या टॉक्सिननं क्लोराइडचा नळ उघडा पडला तरी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत ओढणारी पेशीतली यंत्रणा चालू राहते, ओआरएस त्याच वाटेनं पाणी आत नेतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी यावर किती माणसं वाचवली ते सगळ्यांनी वाचावं. पण जोडइन्फेक्शनमध्ये एक अडचण येते, ती ओढणारी यंत्रणा बोटांच्या टोकाकडच्या पेशींतच असते आणि व्हायरसनं त्याच पेशी खाल्लेल्या असतात. म्हणून एकदम भांडंभर ओतून उपयोग नाही, उरलेल्या पेशींना झेपेल एवढं, थोडं थोडं आणि परत परत. सिरिंजनं पाजत असाल तर पिल्लू कोमट असताना पाजा, गार पडलेल्या पिल्लाच्या घशात ओतलं तर फुफ्फुसात जातं. आईचं दूध तोडू नका, रोज नवं ओआरएस करा, सकाळचं संध्याकाळी वापरू नका.

आणि ऊब. नवजात पिल्लाला ३४ अंशांच्या आसपास हवं असतं, मादीला मात्र २० अंश पुरे, म्हणून अख्खी शेड गरम करण्याऐवजी पिल्लांचा कोपरा वेगळा करा. निफाडची थंडी तर अख्ख्या महाराष्ट्राला माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात छापून येतो, काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली गेलाय, आणि त्याच रात्री पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या कोब्यावर पिल्लं एकावर एक चढून झोपलेली असतात. गारठलेल्या पिल्लाच्या आतड्याची हालचाल मंदावते, बॅक्टेरिया पुढे ढकलले जात नाहीत, तिथंच बसून चिकटतात, आणि गारठलेलं पिल्लू चीकसुद्धा कमी पितं. पहिल्या दिवसात प्रत्येक पिल्लाच्या पोटात निदान २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. इगतपुरीकडून भाताचं तूस आणा, जाड थर द्या, कोरडा ठेवा, वर बल्ब लावा. बल्बखाली पिल्लं गोळा होऊन एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडतेय, लांब कडेला पसरली असतील तर जास्त होतेय, मोकळी शेजारी शेजारी पडली असतील तर बरोबर.

शेड धुताना आधी खरडून साबणाच्या पाण्यानं घाण काढा, सुकू द्या, मग औषध मारा. घाण राहिली तर कुठलंच औषध नीट काम करत नाही. कोरोना गटातले व्हायरस साबणानं लवकर मोडतात, रोटाला मात्र बाहेरचं चरबीचं आवरणच नाही, तो चिवट आहे, महिनोन्महिने टिकतो, म्हणून एका वेतीनंतर दुसरी मादी त्याच कप्प्यात लगेच आणू नका.

सॅम्पलबद्दल बोलून थांबते. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्या. जी पिल्लं आज सकाळीच हगायला लागलीत त्यांचं घ्या, चार दिवस हगून वाळलेल्यांचं नको, कारण व्हायरस सुरुवातीला भरपूर असतो आणि नंतर कमी होतो, मग फक्त बॅक्टेरियाच हाताला लागतो. एकापेक्षा जास्त पिल्लांचं घ्या, बर्फात ठेवा, आणि लॅबला स्पष्ट सांगा की कल्चरबरोबर रोटा आणि कोरोनाची पीसीआर पण करा, आणि ई. कोलाय निघाला तर त्याचे धागे आणि टॉक्सिन बघा. पिल्लू मेलं असेल तर आतड्याचे छोटे तुकडे ताबडतोब फॉर्मेलिनमध्ये टाकायला लागतात, ही बोटं मेल्यावर काही मिनिटांत विरघळायला लागतात, रात्री मेलेलं सकाळी आणलंत तर मला त्यातून काही वाचता येत नाही. आणि फोन केलात की औषधाचं नाव विचारायच्या आधी पिल्लांचं वय दिवसांत सांगा, मादी पहिलटकरीण आहे का सांगा, आणि एकाच मादीची पिल्लं हगतायत की सगळ्या कप्प्यांत एकदम लागलंय ते सांगा. पहिल्या चार दिवसांत असेल तर माझं डोकं ईटेक आणि क्लॉस्ट्रिडियमकडे आधी जातं, एक ते तीन आठवड्यांचं असेल तर रोटा आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी), दूध तोडल्यावर असेल तर एफ ४, एफ १८ आणि त्यांच्या मागे रोटा, आणि लहान-मोठी सगळी डुकरं दोन दिवसांत हगायला लागली असतील तर मी त्याच दिवशी गाडी काढते.